हजेरीतली झाडं

तांड्याची शाळा, पांढरकवड्याजवळ
बुधवार, ११ फेब्रुवारी १९५९

मन्सूरभाई,

सलाम. चार वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून खुश होऊ नको. खुशाली विचारायले लिहून नाही राह्यली. तुझ्या माणसायनं आज माझ्या शाळेतल्या पोरायचे झाडं कापले. घाईत लिहून राह्यली म्हणून अक्षर असं आलं आहे, लावून वाच. उर्दूत लिहिलं असतं, पण अब्बांनी आपल्या दोघायले नेरच्या मराठी शाळेत घातलं अन् तुले उर्दू वाचता येत नाही. दुसऱ्याकडून वाचून घेशील अन् बसस्टँडवर चर्चा होईल, ते मले नको.

मी इथं दोन वर्षांपासून आहे हे तुले माहीत नसेल असं धरून सांगते. जनपद सभेची शाळा आहे. खोली एक, मास्तरीण एक, ती मीच. पोरं सगळे बंजाऱ्यायचे. त्यायचे आजे-पणजे बैलायवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरत, आता हे शेती करतात. पुस्तकात झाडांचा धडा होता, त्यात चित्र देवदाराचं. आता या पोरायनं देवदार कुठं पाहावं? मी पुस्तक मिटलं अन् सगळ्यायले घेऊन नाल्यापलीकडं गेली.

नाल्यापलीकडं तांड्याची जुनी उतरायची जागा आहे. बैलं घेऊन येत तवा तिथं मुक्काम पडे. मोह, चारोळी, बेहडा, धावडा अन् एक थोरलं कडुलिंब. तिथं मी पोरायले एक-एक झाड वाटून देल्लं. आपलं झाड आपण ओळखायचं. डोळ्याले फडकं बांधून सालीवर हात फिरवायचा अन् माझं कोणतं ते सांगायचं. पान चुरगळून वास घ्यायचा. सावलीच्या कडेनं गोटे मांडायचे अन् महिन्यानं सावली कुठं सरकली ते पाहायचं. मुंग्या कुठून चढतात, घरटं कोणाचं, पान कधी गळते, सगळं पोरायनंच शोधून मले सांगायचं. इन्स्पेक्टर साहेब आले तं म्हणे, बाई, हा निसर्गपाठ आहे का खेळ चालवला? मी म्हटलं, साहेब, तुम्हीच बांधा फडकं. त्यायनं बांधलं बी, अन् कडुलिंबाले हात लावून मोह म्हटलं. पोरं हसले, साहेबबी हसले अन् शेरा चांगला देऊन गेले.

आज गणित चालू होतं. कुऱ्हाडीचा आवाज येत होता, पण हायवेवर रस्ता रुंद करणं चालू आहे म्हणून मी कान देल्ला नाही. तेवढ्यात जमना उभी राह्यली. सुखीबाईची नात, सगळ्यात कमी बोलणारी पोरगी. म्हणे, "बाई, हे हायवेवर नाही. नाल्यापलीकडं आहे." मी म्हटलं, बस खाली. ती बसली नाही. म्हणे, "बाई, माह्या मोहाकडून येऊन राह्यला आवाज."

आम्ही धावत पोहोचलो तवरिक सगळं आडवं झालं होतं. सकाळपासून कापत असतील, वारा उलटा होता म्हणून समजलं नाही. फांद्या छाटून खोडं एका जागी ओढून ठेवले होते. पोरं रडले असते तं बरं झालं असतं, कोणी रडलं नाही. वर्गातला भावसिंग पुढं गेला, त्यानं डोळे मिटले अन् एका खोडावर हात फिरवून पाहाले लागला. मग दुसऱ्यावर. मग सगळेच तसं कराले लागले. मी सांगतलं नव्हतं, भाई. डोळे मिटून खोडाखोडावरून हात फिरवत होते अन् आपलं सापडलं का तिथंच बसून जात होते. तुझे लाकूडतोडे कुऱ्हाडी खाली टाकून पाहत राह्यले. मी नाल्याकडं तोंड करून उभी राह्यली.

ट्रकवर तुझं नाव होतं. मले वाटलं दुसरा कोणी मन्सूर असेल. मुकादमाले विचारलं तं म्हणे, नेरवाले मन्सूर सेठ, रस्त्याच्या झाडायचे ठेकेदार.

काहून कापले? कोणाले विचारून कापले? एवढ्याचं उत्तर दे. बाकी काही लिहू नको.

हलीमा


शनिवार, १४ फेब्रुवारी

भाई,

तुझं उत्तर नाही आलं. मीच पुन्हा लिहून राह्यली, कारण काल एक गोष्ट समजली.

तुझा मुकादम बळीराम खोडं न्यायले आला होता. तांड्यानं ट्रक अडवला. मी बी गेली, अन् त्याले नाही नाही ते बोलली. तो बिचारा म्हणे, "बाई, माह्यावर कायले तापता? झाडायवर नंबर होते. पांढरा पट्टा अन् त्यावर डांबराचा नंबर. रस्त्याच्या कापायच्या झाडायवर बी तसाच असते. आम्ही नंबर पाहतो, झाड नाही पाहत."

नंबर होतेच, भाई. ते मीच टाकाले लावले होते.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरं हायवेवरून येतांना पाहून आले का रस्त्याच्या झाडायले पांढरे पट्टे मारून नंबर देल्ले आहेत. मले विचाराले लागले, बाई, हे कायले? मले ठाऊक नव्हतं. भावसिंग म्हणे, "सरकार झाडायची हजेरी घेत असंन." सगळ्यायले पटलं. मले तं इतकं आवडलं का मी म्हटलं, चला, आपण बी आपल्या झाडायची घेऊ. शाळेत चुना उरला होता. रस्त्याच्या कामावर सांडलेलं डांबर पोरायनं करवंटीत गोळा करून आणलं. हजेरीत ज्याचा जो नंबर, तोच त्याच्या झाडाले. तवापासून सकाळची हजेरी मी नाल्यापलीकडंच घेत होती, बुधवारी तेवढी गणिताच्या घाईनं वर्गातच घेतली. नंबर पुकारला का पोरगं आपल्या झाडाले हात लावे अन् हजर म्हणे. तुले सांगते, इतकी भरलेली हजेरी जिल्ह्यात कोणत्या शाळेची नसेल.

ज्याले नंबर लागला ते झाड मरणार, हे मले कसं समजावं? झाडाले नंबर कायले देतात हे मी कोणाले विचारलं नाही. अब्बांच्या दुकानात वाढलेली पोरगी मी, जंगलातलं अन् ठेक्यातलं मले काय माहीत? तुले माहीत होतं. तू असता तं एका शब्दात सांगतलं असतं. पण तुझं दार बंद. तुझ्या दोस्ताच्या भावाशी निकाह नाही म्हटला अन् नोकरी धरली, एवढाच माझा गुन्हा. दोन वर्षांमागं ईदच्या दिवशी मी दारावर उभी राहून परत गेली. आतून अम्मीचा आवाज येत होता.

आता पुढचं ऐक. बळीराम बोलता-बोलता म्हणून गेला, "बाई, तुमचा तोंडावळा आमच्या सेठवानी आहे." तांड्याचे नायक पूनमसिंग तिथंच उभे होते. वयस्कर माणूस, मले इथं आणून बसवणारे तेच. त्यायनं विचारलं, "बाई, हा मन्सूर सेठ तुमचा कोण?"

मी म्हटलं, सख्खा भाऊ.

मी इथं आली तवा सगळ्यायले सांगतलं होतं का मले कोणी नाही. रागात सांगतलं, अन् मग ते तसंच राह्यलं. आता त्यायच्यासमोर काय उभं आहे ते तूच पाहा. बाईनं भाऊ लपवला. बाईनं पोरायच्या हातानं झाडायवर खुणा केल्या. भावाच्या ट्रकनं येऊन कापले. सुखीबाई माझ्या तोंडावर म्हणे, "बहिणीनं खुणा करायच्या अन् भावानं न्यायचं. आम्ही म्हणत होतो, बाई पोरायले शिकवते." तिच्या जागी मी असती तं मले बी तसंच वाटलं असतं.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेले, तांड्याची पंचायत बसणार आहे. हे लोक तिले नसाब म्हणतात. तवरिक शाळेत कोणी येणार नाही. झाडं मीच विकले असं ठरलं तं मले जावं लागेल. ते तं होईलच, पण नायकानं साफ सांगतलं, यानंतर कोणतीच मास्तरीण तांड्यात घेणार नाही. मी आली तवा शाळेत एक पोरगी नव्हती. आता पोरायपेक्षा पोरी जास्त आहेत. त्या पुन्हा काटक्या वेचाले जातील.

म्हणून मी तुले, ज्याचं तोंड पाहणार नाही म्हटलं होतं त्याले, सांगून राह्यली. रविवारी ये. खरं बोल. ही माझी बहीण आहे, आमचं चार वर्षं बोलणं नाही, अन् तिनं मले कोणतं झाड दाखवलं नाही. एवढंच. बोलून झालं का जाय, चहासुद्धा घेऊ नको.

हलीमा


गुरुवार, १९ फेब्रुवारी

भाई,

तू येशील का नाही, एवढं तं कळव. बळीरामच्या हातानं निरोप दे.

मी रोज शाळा उघडते, झाडते, फळ्यावर तारीख टाकते. कोणी येत नाही. फक्त जमना येते. तिच्या आजीनं सांगतलं शाळेत पाय ठेवायचा नाही, म्हणून ती आत येत नाही. बाहेर भिंतीच्या सावलीत पाटी घेऊन बसते. बाहेर बसू नको असं आजीनं सांगतलं नाही म्हणे. मी आतून मोठ्यानं शिकवते अन् ती बाहेर लिहिते. काल मी तिले विचारलं, तुले बी वाटते का मी झाडं विकले? तिनं पाटी पुसली अन् म्हणे, "माहीत नाही, बाई."

मले राग नाही आला. ज्या पोरीले मी दोन वर्षं सांगतलं का पाहाल्याशिवाय काही मानू नको, ती माझ्यासाठी खोटं कशी बोलेल? पण ते ऐकून मी खुर्चीवर बसूनच राह्यली.

भाई, ये.

हलीमा


सोमवार, २३ फेब्रुवारी

मन्सूरभाई,

तू आला. आला अन् बोलला अन् निघून गेला. मी अजून तिथंच बसली आहे असं मले वाटते. तू जे बोलला ते मी इथं लिहून काढते, कारण मी ते ऐकलं हे मलेच खरं वाटत नाही. चुकलं असेल तं दुरुस्त कर.

तू जमिनीवर बसला. नायकानं पाणी देल्लं, ते तू पेलं. मग म्हणाला, "हे माझी सख्खी बहीण. चार वर्षं आमचं बोलणं नाही. हिनं मले एक झाड दाखवलं नाही." मी सांगतलं होतं तसंच. मी मान खाली घातली, डोळे भरून आले. मनात म्हटलं, शेवटी भाऊ तो भाऊ. तिथंच थांबला असता तं मी तुले जन्मभर दुवा देल्ला असता.

पण तू थांबला नाही. म्हणाला, "बळीराम मले सांगाले आला होता. सेठ, नाल्यापलीकडं बी नंबर आहेत, पण खाली खाली आहेत, लहान पोरायचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. कापू का? मी स्वतः येऊन पाह्यलं. शाळेच्या मागून गेलो, आतून हलीमाचा आवाज आला. मले समजलं, हे तिच्या पोरायचे झाडं आहेत. तरी मी म्हटलं, कापा."

नायकानं विचारलं, "काहून?"

तू म्हणाला, "नंबर हिच्या शाळेचे अन् ट्रक भावाचा, झाडं गेले का तुम्ही हिले हाकलून द्यान, अन् हे घरी येईन. अम्मीचे डोळे गेले. ती रोज हिचं नाव घेते. मले हिच्यापुढं येऊन घरी चाल म्हणणं झालं नाही."

हेच बोलला ना? मले दुसरं काही ऐकू आलं असेल तं सांग.

मी तुझ्याकडं पाह्यलं तं तू नायकाकडं पाहत होता. माझ्याकडं एकदा बी पाह्यलं नाही. मग उठला, कपडे झटकले, म्हणाला, नसाबनं ठरवायचं ते ठरवा, अन् ट्रककडं निघून गेला. मी तुझ्यामागं धावली नाही.

अम्मीचे डोळे कधी गेले, भाई? पुरते गेले का थोडं दिसते? तिले नमाजाआधी वजू कराले कोण पाणी देते? एक कार्ड टाकायचं होतं. अम्मीले दिसत नाही, ये. एवढं लिहिलं असतं तं मी अनवाणी आली असती. निकाहाचं, दाराचं, काही काढलं नसतं. चार शब्द लिहायले तुझा हात उठला नाही अन् लेकरायचे झाडं पाडाले उठला. मी काल रात्रभर हाच विचार करून राह्यली का असा माणूस आपल्या घरात कसा झाला. अब्बा तं तुले मांडीवर घेऊन जेवत. तुले माझी आठवण येत होती असं म्हणायले मी तयार आहे, पण त्यासाठी हे? माझा राग शांत होत नाही, अन् कधी होईल का ते सांगता येत नाही.

तू निघून गेल्यावर काय झालं ते तुले माहीत नाही. ते सांगायलेच हे पत्र.

तुझा ट्रक चालू झाल्याचा आवाज आला. मग सुखीबाई उठली. मले वाटलं आता काय ऐकावं लागते. ती माझ्याजवळ येऊन बसली अन् म्हणे, "मी तुले बोलली ते चुकलं." एवढंच. मग पुरुषायमधी वाद सुरू झाला. कोणी म्हणे, खोडं ठेवून घ्या. कोणी म्हणे, त्याले नव्यानं झाडं लावाले लावा. दोन्ही ठरलं. खोडं तांड्यातच राहतील, अन् पाऊस पडला का तुझ्या माणसायनं येऊन खड्डे करायचे. पण नायकाचं समाधान होत नव्हतं. ते म्हणे, "हे तं झाडायचं झालं. त्यानं झाडासाठी झाडं पाडले नाही. आमची बाई न्याची होती त्याले."

तवा सुखीबाई म्हणे, "ज्या म्हातारीसाठी बाई न्याची होती, ते म्हातारीच इकडं आणा."

नायकानं मान हलवली. म्हणे, "तो नसाबात बसला, आमच्या हातचं पाणी पेला. म्हणजे नसाबचा शब्द त्याले लागू झाला. बाईची माय बाईजवळ राहीन." निकाल झाला, भाई. तू ऐकायले थांबला नाही, म्हणून मी कळवून राह्यली.

मी मधात बोलली. म्हटलं, नायक, माझी अम्मी काय भांडं आहे, उचलून इकडून तिकडं ठेवायले? तिले कोण विचारणार? नायक म्हणे, "तूच विचार. गाडी आम्ही देतो." अन् हसले. त्या दिवशीचं पहिलं हसणं तेच.

म्हणून बुधवारी सकाळी मी इथून निघून राह्यली. गाडी तांड्याची, संगं सुखीबाई आहे. दार उघडं ठेव. मी अम्मीसमोर बसून तिले विचारणार. ती नाही म्हणाली तं रिकाम्या गाडीनं परत येईन अन् नसाबले तसं सांगीन. पण ती काय म्हणेल हे तुले ठाऊक आहे. तिची गादी, जपाची तसबी, औषधं, पानाचा डबा बांधून ठेव. शाळेजवळची खोली बायायनं कालच सारवून देल्ली. इथले लोक आपल्या मायले याडी म्हणतात. अम्मीलेबी तसंच म्हणतील, तिची तयारी करून ठेव.

आज शाळा भरली. सगळे आले. हजेरी कुठं घ्यावी हेच मले सुचेना. वर्गात घेतली तं खोटं वाटलं असतं. मी काही म्हणायच्या आधीच पोरं नाल्यापलीकडं चालत गेले अन् आपापल्या खुंटाजवळ उभे राह्यले. मी नंबर पुकारला. जमनानं खुंटावर हात ठेवला अन् म्हणे, "मी हजर, बाई. झाड नाही." मग एकामागं एक सगळ्यायनं तसंच म्हटलं. मी हजेरीचं पुस्तक भावसिंगच्या हातात देल्लं, पुढचे नंबर त्यानं पुकारले. मग आम्ही खुंटायवरचे वर्तुळं पाहत बसलो, झाड किती वर्षांचं होतं ते काढत. मोह सगळ्यात जुना निघाला.

अम्मी इथं आली तं तुले भेटाले यावंच लागेल. ट्रक हायवेवर ठेव अन् पायी ये. वाट खुंटायमधूनच आहे, दुसरी नाही. पोरं तुले थांबवतील अन् कोणाचं झाड कोणतं ते दाखवतील, त्यायची सवयच आहे. घाई करू नको, सगळ्यायचं ऐकून घे.

अन् एक. अम्मीले यातलं काही ठाऊक नाही, अन् मी सांगणार नाही. मले अचानक इकडं काहून आणलं, पोरं हजेरीत झाड नाही असं काहून म्हणतात, मन्सूर माझ्यासंगं काहून नाही आला, ती सगळं विचारेल. तिले दिसत नाही म्हणून ती जास्तच विचारते, हे तुले माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मी म्हणीन, अम्मी, ते मन्सूरलेच विचार. मग ती दारावरच्या प्रत्येक पावलाले विचारत राहील, मन्सूर आला का.

हलीमा